दुवा द्यावा तो नीट द्यावा

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या दिवशी मी चार शब्द बोलावे असे अध्यक्षाबाईंनी सुचवले. मी सातवी शिकलेली, घरसंसार सांभाळणारी बाई. मोठ्या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. परंतु मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर सूचना घालण्याचे काम आपण माझ्याकडे दिले आहे, आणि ते मी रोज करते. म्हणून त्याच कामातली एक गोष्ट आज सांगणार आहे. ती म्हणजे, दुवा कसा द्यावा.

दुवा या शब्दाला आपल्या भाषेत दोन अर्थ आहेत. म्हातारी माणसे आपल्याला दुवा देतात, तो आशीर्वाद. आणि साखळीची एक कडी दुसरीला जोडणारा सांधा, तोही दुवाच. फोनवर निळ्या अक्षरांची एक ओळ येते, तिच्यावर बोट टेकले की दुसऱ्या ठिकाणचे पान आपल्यापुढे उघडते. त्या ओळीला सगळे लिंक म्हणतात. मराठीत तिला दुवा म्हणतात. नीट दिलेला दुवा आशीर्वादासारखा उपयोगी पडतो आणि चुकीचा दिलेला शापासारखा लागतो, हे आपण आपल्याच गावात पाहिले आहे.

2025 च्या सप्टेंबरात लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली, ते दिवस आठवा. जुलै 2024 पासून महिन्याला 1500 रुपये मिळत होते, ते पुढे चालू राहावेत म्हणून आपला आधार क्रमांक आणि पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक संकेतस्थळावर भरून, फोनवर आलेला ओटीपी टाकावयाचा होता. बायाबापड्या घाबरून गेल्या होत्या. अशा वेळी एका गटावर निरोप आला, "आज रात्रीपर्यंत केवायसी करा, नाहीतर हप्ता कायमचा बंद." खाली दुवा होता. वर सरकारी चिन्हाचे चित्रही दिसत होते. पाठवणारी बाई आपल्यापैकीच होती, आणि तिचा हेतू चांगलाच होता. तिला कोणी पाठवले ते तिने पुढे ढकलले, इतकेच.

आपल्या ओळखीतल्या एका भगिनीने तो दुवा उघडला. तेथे आधारबरोबर बँकेचा खाते क्रमांकही मागितला होता. तिने सगळे भरले, ओटीपीही दिला. सहा हप्त्यांचे 9000 रुपये तिने खात्यात तसेच ठेवले होते. शेळी घ्यावयाची होती. ते पैसे गेले. परंतु त्याहून मोठी गोष्ट पुढे झाली. घरातल्यांनी तिचा फोन काढून घेतला. "बायकांना यातले काय कळते?" असे म्हणून तो मुलाच्या हाती दिला. आता तिला माहेरचा फोन घ्यावयाचा तरी मुलाची वाट पाहावी लागते.

भगिनींनो, 9000 रुपये काबाडकष्ट करून पुन्हा जमतील. पण हातातून गेलेला फोन आणि घरात गेलेला शब्द लवकर परत येत नाही. एका घरात झाले म्हणून शेजारच्या दोन घरांतही तीच भाषा ऐकू येऊ लागली. म्हणून हा विषय मला फोनच्या हौसेचा वाटत नाही. तो आपल्या मानाचा आहे.

आपण एखाद्या घरी स्थळ सुचवतो तेव्हा काय करतो? गाव कोणते, घराणे कोणाचे, मुलगा काय करतो, हे आधी स्वतः पाहतो. नुसते ऐकून सांगितले आणि पुढे काही निघाले, तर लोक मधल्या माणसाला धरतात आणि ते योग्यच आहे. दुव्याचे तसेच आहे. दुवा देणारी बाई ही मध्यस्थ आहे. "मला आला तो मी पाठवला" हे म्हणणे स्थळाच्या बाबतीत कोणी ऐकून घेत नाही, मग पैशाच्या बाबतीत का ऐकून घ्यावे?

आता पहिली गोष्ट, पत्ता वाचणे. दुवा म्हणजे पत्ताच होय. पोस्टातला माणूस पाकिटावरचा पत्ता शेवटून पाहतो. आधी जिल्हा, मग गाव, मग गल्ली, मग घर. "जालना किराणा भांडार, सुरत" असे पाकिटावर लिहिले, तर जालना हा शब्द आधी आला म्हणून पत्र जालन्यास येणार नाही, ते सुरतेलाच जाईल. संकेतस्थळाचा पत्ताही असाच शेवटून वाचावा.

आरंभी एचटीटीपीएस ही अक्षरे, एकाखाली एक दोन टिंबे आणि दोन तिरप्या रेघा असतात. तो भाग सोडून द्यावा. त्यापुढे पहिली एकटी तिरपी रेघ येईपर्यंत जे असते तेवढाच खरा पत्ता. त्या रेघेच्या लगेच आधी काय आहे ते पाहावे. लाडकी बहीण योजनेच्या संकेतस्थळाचा पत्ता "लाडकीबहीण डॉट महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन" असा आहे. शेवटी जीओव्ही डॉट इन आहे, हे नाव फक्त सरकारी कार्यालयांनाच मिळते. त्याच्या आधी महाराष्ट्र, आणि त्याच्याही आधी योजनेचे नाव. म्हणजे जिल्हा, गाव आणि घर सर्व जुळले. पण "महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन" लिहून पुढे आणखी टिंब आणि दुसरेच काही नाव असेल, तर तो पत्ता सुरतेचा झाला म्हणून समजा. टिंबाच्या जागी आडवी रेघ असेल तरी तो निराळाच पत्ता होय.

अक्षरेही मोजून पाहावी लागतात. इंग्रजीत लाडकी हा शब्द कोणी डी नंतर ए घालून लिहील, कोणी न घालता लिहील. शासनाच्या पत्त्यात तो एल, ए, डी, ए, के, आय असा आहे. मधला ए गाळून दुसऱ्या कोणी नाव घेतले, तर घाईत आपल्या डोळ्यांना फरक दिसत नाही. म्हणूनच पत्ता आठवणीने टाइप करून कोणाला पाठवू नये.

सातबाऱ्याचेही उदाहरण घ्या. नुसता पाहावयाचा सातबारा "भूलेख डॉट महाभूमी डॉट जीओव्ही डॉट इन" येथे मिळतो. डिजिटल सहीचा, कामकाजात चालणारा, 15 रुपये भरून "डिजिटलसातबारा डॉट महाभूमी डॉट जीओव्ही डॉट इन" येथे मिळतो. दोन्हींचा शेवट एकच आहे, म्हणजे एकाच वाड्यातल्या दोन खोल्या झाल्या. कोणत्या खोलीत कशासाठी जावयाचे, हे दुवा देणारीने सांगितले पाहिजे.

सगळे खरे पत्ते सरकारी नसतात, हेही लक्षात असू द्या. रेल्वेच्या तिकिटाचे संकेतस्थळ आयआरसीटीसी डॉट सीओ डॉट इन असे आहे. बँकांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने सांगितले की, 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत बँकांनी आपले पत्ते "बँक डॉट इन" या शेवटाचे करून घ्यावेत. यामुळे खरी बँक ओळखणे आपल्याला सोपे झाले आहे. विद्यापीठांचे पत्ते बहुधा एसी डॉट इन असे संपतात. आपल्या बदनापूरचे कृषी संशोधन केंद्र ज्या परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे आहे, त्याचा पत्ता व्हीएनएमकेव्ही डॉट एसी डॉट इन असा आहे. तुरीच्या बी.डी.एन. 711 या वाणाच्या नावातली अक्षरे आपल्या बदनापूरचीच आहेत. पेरणीच्या दिवसांत "खात्रीचे बियाणे, आजच पैसे भरा" असे निरोप येतात, तेव्हा ते पुढे न ढकलता विद्यापीठाचा दुवा द्यावा. आपल्याच गावच्या बियाण्याची चौकशी परक्या चोराच्या दारात का करावी?

पत्त्याशेजारी कुलपाचे चित्र दिसते किंवा एचटीटीपीएस मधला शेवटचा एस दिसतो, म्हणून ठिकाण खरे, असे पुष्कळजणी समजतात. ते तसे नाही. कुलपाचा अर्थ एवढाच की, आपले पाकीट चिकटवलेले आहे, ते वाटेत कोणी वाचणार नाही. पण पाकीट ज्याच्या हाती पडणार तो साधू की चोर, हे कुलूप सांगत नाही.

दुसरी गोष्ट, दुवा घ्यावा कसा. दुसऱ्याने पाठवलेला दुवा पुढे ढकलण्यापेक्षा आपण स्वतः त्या ठिकाणी जाऊन तेथून तो घ्यावा. पान उघडले की सर्वांत वर पत्त्याची पट्टी असते. तिच्यावर बोट टेकले की पूर्ण पत्ता दिसतो. तो वाचावा. तदनंतर त्याच्यावर बोट दाबून धरावे, कॉपी असा शब्द येतो, तो निवडावा. किंवा कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर बोट ठेवून शेअर निवडावे. जे पान दाखवावयाचे त्याच पानाचा दुवा घ्यावा. नुसत्या दारापर्यंत नेऊन सोडले तर आत कोणीकडे जावे हे नव्या बाईला समजत नाही. शासन निर्णय असेल तर त्यावर छापलेला संगणक सांकेतांकही दुव्याखाली लिहावा. दुवा उघडला नाही तरी त्या आकड्यावरून शासनाच्या संकेतस्थळावर तो निर्णय सापडतो.

एक पथ्य मात्र पाळावे. ओटीपी टाकून आत गेल्यावर जे आपले स्वतःचे पान उघडते, त्याचा दुवा कोणाला देऊ नये. दुसरीकडे तो बहुधा उघडत नाही, आणि उघडलाच तर आपली माहिती चव्हाट्यावर येते.

तिसरी गोष्ट, दुवा ठेवावा कसा. निरोप लिहावयाच्या जागी बोट दाबून धरले की पेस्ट असा शब्द येतो. तो निवडला की पत्ता तेथे उमटतो. येथे आपण मराठी माणसांनी एक काळजी घ्यावी लागते. आपली भाषा प्रत्यय शब्दाला चिकटवून लिहिते. बदनापूरला, जालन्यात, घरावर. त्या सवयीने आपण पत्त्यालाही "वर" किंवा "ला" चिकटवतो. फोन त्यालाही पत्त्याचाच भाग समजतो आणि पत्ता मोडतो. इंग्रजीत लिहिणाऱ्यांना ही अडचण नाही, आपल्याला आहे. म्हणून दुवा नेहमी स्वतंत्र ओळीवर ठेवावा. मागेपुढे काही चिकटवू नये. शेवटी पूर्णविरामही नको, काही ठिकाणी तोही पत्त्यात धरला जातो. आणि हाताने टाइप करण्याची वेळ आलीच तर एचटीटीपीएस नंतरची दोन टिंबे इंग्रजी कळपाटीवरूनच घ्यावीत. मराठी कळपाटीवरचा विसर्ग डोळ्यांना तसाच दिसतो, पण यंत्राला तो निराळा असतो.

ईमेल लिहिताना दुवा शब्दाच्या पोटातही ठेवता येतो. एखादा शब्द निवडावा, साखळीच्या चित्रावर बोट ठेवावे, आणि उघडलेल्या चौकटीत पत्ता पेस्ट करावा. मग वाचणाऱ्याला फक्त तो शब्द रंगीत दिसतो, पत्ता दिसत नाही. लिहिणे सुबक होते खरे. परंतु चोरही याच सोयीचा उपयोग करतात. वर शब्द "शासनाचे संकेतस्थळ" आणि पोटात पत्ता भलताच. म्हणून अशा शब्दावर टिचकी मारण्यापूर्वी बोट दाबून धरावे, म्हणजे खालचा पत्ता दिसतो. पैशाचे किंवा आधारचे काम असेल तेथे आपण तरी पत्ता उघडाच लिहावा. व्हॉट्सअ‍ॅपवर पत्ता उघडा दिसतो, पण दुव्याबरोबर जे चित्र येते ते दुवा करणाराच ठरवतो. चित्रात बोधचिन्ह आहे म्हणून विश्वास ठेवू नये. आखडून लहान केलेले पत्तेही असतात. त्यांवरून आत काय आहे ते समजत नाही, म्हणून गटावर ते घालूच नयेत. आणि काळ्या चौकटींचा क्यूआर कोड हाही दुवाच आहे, फक्त तो आपल्याला वाचता येत नाही.

चौथी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. दुव्याच्या वर दोन ओळी लिहाव्यात. हे ठिकाण कोणाचे आहे, तेथे काय काम होते, तेथे काय मागतील आणि पैसे लागतात की नाही. आणि खाली आपले नाव व तारीख. "लवकर करा", "इथे दाबा", "शेवटची संधी" असे शब्द लिहू नयेत. ते चोरांचे शब्द आहेत. आपण ते वापरू लागलो तर आपला निरोप आणि त्यांचा निरोप यांत फरक काय राहिला? पाठवून झाल्यावर स्वतः एकदा दुवा उघडून पाहावा. चुकीचा गेला असेल तर दोनएक दिवसांच्या आत तो सर्वांसाठी काढून टाकता येतो. पण नुसता काढू नये, "तो दुवा उघडू नका" असे लिहावे, कारण तोवर कोणी तो पुढे पाठवलेला असतो.

दुव्याऐवजी एखादी फाईल आली आणि तिच्या नावाच्या शेवटी ए, पी, के ही तीन अक्षरे असली, तर तिला हात लावू नये. लग्नाची पत्रिका म्हणून, वाहनाचा दंड म्हणून अशा फाइली फिरल्या आहेत. पत्रिका ही पत्रिका असते, ती फोनमध्ये बसवावी लागत नाही.

इतके करूनही कोणी फसलीच, तर लाजून घरात बसू नये. ताबडतोब 1930 या क्रमांकावर फोन करावा, आणि सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन येथे तक्रार करावी. जितक्या लवकर कळवावे तितकी पैसे वाटेतच अडवले जाण्याची आशा अधिक असते. आपल्या त्या भगिनीने घरच्यांच्या भीतीने दोन दिवस कोणाला सांगितलेच नाही. तिला बोल लावू नका. बोल लागेल या भीतीनेच ते दोन दिवस गेले.

आता थोडे कौतुकाचेही सांगते. हे दुवे आले कोठून? टिम बर्नर्स-ली नावाच्या इंग्रज गृहस्थांनी 1989 साली जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत ही कल्पना मांडली. तेथे अनेक देशांचे शास्त्रज्ञ येत, प्रत्येकाचे कागद निराळ्या यंत्रात असत. एका कागदातून दुसऱ्या कागदाकडे जाता यावे म्हणून त्यांनी हे जाळे विणले. 1991 मध्ये ते बाहेरच्यांसाठी खुले झाले. आणि 30 एप्रिल 1993 रोजी त्या संस्थेने जाहीर केले की, हे सर्वांना फुकट वापरता येईल. त्याबद्दल दमडीही घेतली नाही.

पण मुळात ही रीत आपल्याला अगदी अनोळखी नाही. कीर्तनकार ज्ञानेश्वरीतले सांगताना अध्याय आणि ओवीचा आकडा सांगतात, गाथेतले सांगताना अभंगाचा. ज्याला शंका असेल त्याने पोथी उघडून पाहावे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी ज्याचे प्रमुख संपादक होते त्या मराठी विश्वकोशातही एका नोंदीतून दुसरी नोंद पाहा असे सांगितलेले असते, आणि तो विश्वकोश आता फोनवरही वाचता येतो. "माझ्या शब्दावर जाऊ नका, हे मूळ ठिकाण, तुम्हीच पाहा," असे म्हणण्याची ही रीत आहे. दुव्याचे खरे मोल मला यातच दिसते. नुसते ढकललेले निरोप ऐकीव असतात. दुवा दिला की ऐकणारीला स्वतः पाहता येते.

राहिली इंग्रजी अक्षरांची अडचण. 27 ऑगस्ट 2014 पासून देवनागरीतही "डॉट भारत" असा पत्ता घेता येतो, मराठीतही. आपल्या रोजच्या कामाची संकेतस्थळे बहुतेक इंग्रजी अक्षरांचीच आहेत, म्हणून ती 26 अक्षरे ओळखण्यापुरती तरी प्रत्येकीने शिकावीत. मी सातवीपर्यंत जे इंग्रजी शिकले तेवढ्यावर माझे काम भागते. तुमचेही भागेल.

शेवटी मंडळापुढे तीन विनंत्या मांडते. पहिली, आपल्या गटावर दुवा घालणारीने वर सांगितलेल्या दोन ओळी आणि आपले नाव लिहिल्याशिवाय तो घालू नये. दुसरी, नेहमी लागणारे दहा-बारा खरे पत्ते इंग्रजी अक्षरांत मोठे लिहून मंडळाच्या फळ्यावर कायमचे ठेवावेत. म्हणजे ज्यांच्याजवळ फोन नाही त्यांनाही ते उतरवून नेता येतील. आणि तिसरी, दर गुरुवारी दुपारी भजनाआधी अर्धा तास पत्ता वाचण्याचा आणि दुवा देण्याचा सराव करावा. मी शिकवीन. ज्यांना माझ्यापेक्षा अधिक येते त्यांनी मला शिकवावे.

त्या आपल्या भगिनीलाही पहिल्या गुरुवारी बोलवावयाचे आहे. मंडळातल्या दोघी-तिघींनी तिच्या घरी जावे, तिच्या घरच्यांशी गोडीने बोलावे, आणि तिचा फोन तिच्या हाती द्यावयास सांगावे. फोन काढून घेतल्याने बाई शहाणी होत नाही. ती दुसऱ्याच्या हाताकडे पाहू लागते, एवढेच.